सातव्या पायरीचा भाव

"भितीला नाव ठिवायचं न्हाई. आधीच सांगून ठिवतो."

"मंग कशाला ठिवायचं?"

"नळाला ठिव. नळ त्या श्रीरामपूरच्या पोरानं बसवल्यात. रंगाला ठिव. वायरिंगला ठिव. बोरच्या पान्याला ठिव, मचूळ हाय ते. पन भिती, स्लॅब, जोतं, गिलावा, यातल्या कशालाबी तोंड लावायचं न्हाई."

"अन् जिना?"

कानिफनाथ मिस्तरी चालता चालता थांबला. खिशातला ओळंबा उगाच चाचपला.

"जिन्याकडं तर बघायचंबी न्हाई."

"म्हंजी चार लाख नुसते नळावर पाडायचे," बायडाबाई म्हणाली आणि पदर खोचून पुढं निघाली.

बेलापुरात कालव्याच्या कडेनं हे दोघं नवरा-बायको हनुमंतअण्णांचं घर मागायला निघाले होते, आणि त्यांच्या मागं मी. घराच्या सौद्याला तिसरा माणूस लागतोच. दोन्हीकडचे अडले, की त्यानं घसा साफ करून म्हणायचं असतं, "ऱ्हाऊ द्या, तुमचंबी ऱ्हाऊ द्या, त्येंचंबी ऱ्हाऊ द्या, मधलं धरा." एवढ्या एका वाक्यासाठी मला धुतलेला शर्ट घालायला लावून आणलं होतं.

अडचण अशी होती की जे घर घ्यायचं ते कानिफनाथनंच बांधलेलं. सत्तावीस वर्षांपूर्वी. दुसऱ्या मिस्तरीच्या हाताखालून सुटल्यावर त्यानं जोत्यापासून स्लॅबपर्यंत एकट्याच्या जिवावर उभं केलेलं ते पहिलं घर. आता घर घेताना भाव पाडायचा म्हणजे घराला नावं ठेवावी लागतात. आणि घराला नावं ठेवायची, तर ती पडणार कुणाच्या डोक्यावर?

कानिफनाथ मूळचा पाथर्डीकडचा. आईबाप दरसाल कोयता घेऊन इकडच्या कारखान्यांच्या उसाला यायचे. ह्यानंही तीन हंगाम ऊस तोडला, मग कोयता ठेवला आणि थापी धरली. का, असं कुणी विचारलं तर लोकांना वाटतं आता हा काहीतरी मोठं बोलणार. तो म्हणतो, "थापी हलकी आस्ती."

पण थापी हातात आली आणि गडी बिघडला. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी भिंतीवर तळवा ठेवणार, मग माणसांना रामराम. लग्नात जेवायला बसला की मांडवाचा खांब कुठं झुकलाय ते बघणार. एकदा मयतीला गेला, बाया रडत होत्या, आणि ह्यानं मयताच्या थोरल्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, गिलाव्यावर पाणी कमी मारलंय, पोपडे निघतील. निघाले ते पुढच्या साली, पण त्या घरानं ह्याला पुन्हा बोलावलं नाही. सदऱ्याच्या खिशात भिंत सरळ आहे का बघायचा पितळी ओळंबा कायम. त्याच्या वजनानं खिसा फाटतो, बायडाबाई महिन्याला एकदा शिवते, आणि शिवताना ओळंब्याच्या आईबापाचा उद्धार करते.

साठ-सत्तर स्लॅब टाकलेला हा माणूस राहतो कालव्याच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांत. लोकांची घरं आधी उरकता उरकता स्वतःचं राहून गेलं. त्याचं त्याला काही नव्हतं. उन्हाळ्यात पत्रा तापला की दुसऱ्याच्या स्लॅबखाली कामावर असायचा, पावसाळ्यात पत्रा वाजला की झोप छान लागायची. पण पोरगा ओंकार सुप्याला कंपनीत लागला आणि नेवाशाकडची निकिता नावाची पोरगी त्याला पसंत पडली. पोरीलाही तो पसंत. पोरीचा बाप सरळ माणूस. घर बघून गेला, चहा प्याला आणि म्हणाला, पाव्हणं, पोरगं सोन्यासारखं हाय, पन पत्र्याखाली माजी पोरगी उकडून निघंल. दिवाळीच्या आत डोक्यावर स्लॅब दाखवा, दिवाळीनंतर साखरपुडा धरू. न्हाईतर आमाला दुसरं बघू द्या.

नवं बांधायचं तर दिवाळी गाठता येत नव्हती. आणि तेवढ्यात हनुमंतअण्णांनी घर काढलं. सांगत होते एकवीस लाख. ओंकारचं कर्ज, बायडाबाईची भिशी, मिस्तरीची शिल्लक आणि दोन शेळ्या धरून ह्यांच्याकडं होत होते सतरा. त्याच्यावर एक रुपया नाही.

हनुमंतअण्णा म्हणजे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेला कारकून. तीस वर्षं उसाच्या गाड्या तोललेल्या. असा माणूस चार लाख सोडेल अशी आशा धरणंच धाडसाचं. त्यांचा मुलगा पुण्यात, चिंचवडला फ्लॅट घेतलेला, आईबापाला बोलावत होता. अण्णांचा पाय निघत नव्हता, पण त्यांच्या बायकोनं, सुरेखाबाईंनी, भांडीसुद्धा बांधून ठेवली होती. तिथं लिफ्ट हाय, जिना चढायचं कामच न्हाई, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

बैठकीला एजंट वाल्मिक होता. दोन मोबाईल, डोक्यावर गॉगल, आणि तोंडात कायम संगमनेरची एक पार्टी. ती पार्टी आजपर्यंत कुणी पाहिलेली नाही. पण बेलापुरातलं कुठलंही घर विकायला निघालं की ती गाडीत बसलेली असते आणि निघालेलीच असते.

चहा आला. बायडाबाईनं कप खाली ठेवला आणि उठून घर बघायला लागली. ह्याच घरात तिनं डोक्यावर घमेली वाहिलेली, पण चेहरा असा केला की जणू पहिल्यांदाच आलीय. मोरीतला नळ सोडला. नळ आधी खाकरला, मग थोडं पाणी आलं. तिनं सुरेखाबाईंकडं बघून विचारलं, नळाला औषध काय चालू हाय? मग ओंजळीत पाणी घेऊन घोटभर प्याली आणि विचारलं, ह्याचा चहा तुमी कसा काय करता, जमतो का? एक बटन दाबलं तर पंखा शेजारच्या खोलीतला फिरला. भिंतीच्या रंगावर बोट ओढलं आणि बोट उजेडात धरून म्हणाली, हा गुलाबी हाय का ईटकरी व्हता आन् दम लागून गुलाबी झालाय?

एकवीसचे साडेवीस झाले. साडेवीसचे वीस झाले. वाल्मिक दर वेळी संगमनेरच्या पार्टीला फोन लावायला अंगणात जायचा आणि परत यायचा. तासाभरात अण्णा एकोणिसावर आले आणि तिथं ठाण मांडून बसले. कानिफनाथ कोपऱ्यात खुर्चीवर अगदी शहाण्यासारखा गप्प बसला होता. मला वाटलं, माझ्या वाक्याची वेळ आली. मी घसा साफ केला.

नेमकं तेव्हाच अण्णांनी मागच्या भिंतीवर थाप मारली. म्हणाले, नळ-बिळ हजार-पाचशेचं काम हाय बायडाबाई, बांधकाम बघा की.

बायडाबाईला जिंकायचा जोर चढला होता. वाटेत ठरलेलं सगळं ती विसरली.

"कशाचं बांधकाम घिऊन बसलाव अण्णा. भीत बघा, गाभन म्हशीवानी पोट काढून हुबी हाय."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कानिफनाथ उठला होता. तो खुर्ची घेऊन भिंतीपाशी गेला, वर चढला, खिशातून ओळंबा काढला आणि दोरी सोडली. पितळी गोळा खाली हेलकावे खायला लागला. वाल्मिकच्या एका मोबाईलची रिंग वाजली, ती त्यानं बंद केली. गोळा हळूहळू थांबला. मिस्तरीनं वरती दोरी आणि भिंतीतली फट पट्टीनं मोजली, खाली उतरून गोळ्यापाशी मोजली.

"वर बी तेवढी, खाली बी तेवढी. सूतभर फरक न्हाई," तो बायकोला म्हणाला. "ये. तुज्या डोळ्यानं बघ."

बायडाबाईनं भिंतीकडं बघितलं नाही. ती नवऱ्याकडं बघत होती. जित्या माणसाकडं तसं बघत नाहीत.

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यानं अण्णांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं. विटा रातभर भिजवल्या होत्या, वाळू दोनदा चाळली होती, एकवीस दिवस पाणी मारलं होतं, एक दिवस टँकर आला नाही तर कालव्यावरून बादल्या वाहिल्या होत्या. अजून शंभर वरसं ह्या भितीला काय होत न्हाई, असं खरेदीदारानं विकणाऱ्याला पटवून दिलं. वाल्मिकनं ओळंब्यासकट भिंतीचा फोटो काढला. म्हणाला, खुद्द मिस्तरीचं सर्टिफिकेट हाय, संगमनेरच्या पार्टीला पाठवतो.

अण्णा खुर्चीत रेलून बसले.

"मंग मिस्तरी, अशी भीत एकोनीसला द्यायला मी काय खुळा हाय व्हय?"

बैठक उठली तेव्हा भाव पावणेएकवीस होता.

पुढचे पाच दिवस बायडाबाई नवऱ्याशी बोलली नाही. दारातल्या शेळीशी बोलायची. "सांग त्येला, भाकर झाकून ठिवलीया." शेळी सांगायची नाही, पण कानिफनाथला कळायचं. कामावर दोघं एकाच ठिकाणी, हा परांचीवर, ती खाली माल कालवायला. घमेलं वर द्यायची ती असं द्यायची की निम्मं सिमेंट त्याच्या धोतरावर. तिसऱ्या दिवशी त्यानं वरूनच कबूल केलं की माझं चुकलं. बायडाबाई शेळी जवळ नसल्यामुळं विटेला म्हणाली, "भीत संबाळून बस म्हनावं. सून आननार न्हाई ती भीत."

रविवारी पुन्हा बैठक ठरली. ह्या वेळी जाताना कानिफनाथनं ओळंबा काढून बायकोच्या हातात दिला. तिनं तो कमरेच्या पिशवीत टाकला आणि पिशवीची नाडी दोनदा आवळली.

रविवारी अण्णा पावणेएकवीसवर, हे सतरावर. नळ, पाणी, पंखा, सगळं सांगून झालं होतं. त्याच त्या नळाला कितीदा खोकायला लावणार? अण्णांना वाटलं आता एकच दणका पुरे. म्हणाले, चला, गच्ची दाखवतो. गच्चीवरून कालवा दिसतो, पार देवळाचा कळस दिसतो. अशी गच्ची बघा आणि साडेवीसला सौदा मिटवून टाका.

कानिफनाथ घाईनं म्हणाला, "गच्ची मीच टाकल्याली हाय अण्णा. मी काय बघू? बसा, बसूनच बोलू."

"मला बघायची हाय," बायडाबाई म्हणाली.

जिना घराच्या मागच्या बाजूनं. सहा पायऱ्या, सातवी पायरी चढली की टप्पा, तिथून वळून पुन्हा सात. पुढं अण्णा, मागं बायडाबाई, तिच्यामागं वाल्मिक आणि मी, सर्वांत शेवटी सुरेखाबाई. कानिफनाथ खालीच, पहिल्या पायरीपाशी.

सातव्या पायरीवर लिंबू होतं. अर्धं कापलेलं, हळद-कुंकू लावलेलं, शेजारी दोन हिरव्या मिरच्या. आदल्याच दिवशी अमावस्या झालेली. अण्णांनी ते पायानं हळूच बाजूला सारायला बघितलं.

"अवो, पाय लावू नका त्येला," सुरेखाबाई खालून ओरडल्या.

अण्णा खोटं हसले. म्हणाले, बायकांचं आपलं काहीतरी असतं. पण सुरेखाबाई बिचाऱ्या सरळ बाई. त्यांना पुण्याला जाताना कुणाचं पाप बरोबर न्यायचं नव्हतं. आम्हाला ओलांडून वर येऊन त्यांनी बायडाबाईचा हात धरला.

"आता तुमीच ऱ्हानार तर सांगून ठिवते. हितं कुनीतरी आडवं जातंय. दर अमावस्येला लिंबू ठिवत जा, काय करत न्हाई मग."

आणि मग त्यांनी सत्तावीस वर्षांचं सगळं सांगितलं. सासूबाई ह्याच पायरीला अडखळून महिनाभर पाय बांधून होत्या. पापडाची परात दोनदा सांडली. अण्णा स्वतः तीनदा पडले, त्यातलं एकदा तर झेंडावंदनाला निघाले होते. आणि मोनिका, त्यांची पोरगी, तिला बघायला पहिलं स्थळ आलं, तेव्हा नवरा मुलगा गच्ची बघायला चढला आणि हितंच तोंडावर आपटला. अण्णांनी त्याच दिवशी स्थळ मोडलं, भर दुपारी पिऊन आलेल्याला पोरगी देणार नाही म्हणून. पुढं कळलं, ते पोरगं चहासुद्धा पीत नव्हतं. मग देवऋषी आणला. त्यानं पायरीवर कान ठेवून ऐकलं आणि सांगितलं, हितनं कुणाचीतरी वाट जाते.

हे ऐकून वाल्मिक दोन पायऱ्या मागच्या मागं उतरला, माझ्या पायावर पाय देऊन.

बायडाबाई सहाव्या पायरीवर बसली. मांडी ठोकून बसली.

"एकवीस लाख सांगताना हे न्हाई सांगितलं अण्णा."

अण्णांचा चेहरा असा झाला की काट्यावर गाडी उभी आहे आणि काटाच हलेना. ते एकोणीस म्हणाले. बायडाबाईनं पदर सारखा केला. साडेअठरा म्हणाले. ती लिंबाकडं बघत बसली. अठरा म्हणाले. वाल्मिक खालून म्हणाला, अशा घरांचं सोळा-सतराच्या वर जात नाही अण्णा, माझा अनुभव आहे. आणि लगेच त्यानं एका मोबाईलवर कुणाला तरी हळू आवाजात लिंबाचं सांगायला सुरुवात केली.

मी कानिफनाथकडं बघितलं. त्याला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. अजून पाच मिनिटांत घर सतराला येणार, भिंतीचं नाव राहणार, स्लॅबचं नाव राहणार, आणि जिन्याचा दोष जाणार वाट चालणाऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर. भुताला काय, ते थोडंच नाही म्हणायला येणार होतं.

पण त्यानं वाल्मिकचा मोबाईल बघितला. पुढं त्यानं मला सांगितलं ते असं, की वाल्मिकच्या तोंडी लिंबू गेलं म्हणजे संध्याकाळपर्यंत बेलापूर, उद्यापर्यंत नेवासा. जो बाप पत्र्याखाली पोरगी देत नाही, तो भुताखाली देईल का? घर सतराला आलं असतं, सून आली नसती.

कानिफनाथ जिना चढायला लागला. वाल्मिकच्या हातातला मोबाईल त्यानं जाता जाता दाबून बंद केला. सहाव्या पायरीवरच्या बायकोला बाजूला सरक म्हणाला आणि सातव्या पायरीशी उकिडवा बसला.

"कुनी आडवं जात न्हाई हितं. पायरी चुकल्याली हाय."

त्यानं खिशातून टेप काढला. ओळंबा काढून घेतला होता, पण टेप बायडाबाईच्या ध्यानात राहिला नव्हता. पहिल्या पायरीपासून त्यानं उंची मोजून दाखवली. साडेसहा इंच. साडेसहा. साडेसहा. सहाही पायऱ्या साडेसहा. मग सातवीला टेप लावला आणि अंगठा धरून अण्णांच्या डोळ्यांपुढं नेला.

आठ.

"दीड इंच चढी हाय," तो म्हणाला. "पाय साडेसहाच्या हिशोबानं उचलतोय, अन् ठेच लागतीया. माज्या हातनं झालंय. टप्पा आधी भरला हुता. पायऱ्या मांडल्या त्या दिवशी मढीची यात्रा, गावाकडची समदी गाडीत बसल्याली, हाका मारत हुती. हिशोब घाईत धरला, चुकल्यालं समदं सातवीवर आलं. पाच दिवसानी आलो तवा माल दगड झाल्याला. वर फरशी टाकली अन् गप बसलो. सत्तावीस वरसं पोटात हाय माज्या."

बायडाबाई आधी उसळली.

"त्या पायरीचा माल मी वाह्यला. मलाबी न्हाई सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर गावाला सांगितल्यागत झालं असतं."

सुरेखाबाई अजून टेपकडंच बघत होत्या. त्यांनी तो मिस्तरीच्या हातातून घेतला, सहावीला लावून बघितला, सातवीला लावून बघितला. मग त्या वळल्या, पण मिस्तरीकडं नाही, नवऱ्याकडं.

"म्हंजी माजे डोळे जाग्यावर हुते."

अण्णा म्हणाले, अगं मी कुठं काय म्हणालो.

"परात सांडली तवा काय म्हनला? डोळे कुटं ठिवून येतीस. दुसऱ्यांदा सांडली तवा श्रीरामपूरला न्हेऊन चष्मा लावला मला. दोनदा नंबर बदलला. रोज हा जिना मी चष्मा पुसून चढले." त्यांनी नाकावरचा चष्मा काढून अण्णांच्या हातात दिला. "सासूबाई गेल्या त्याबी म्हनतच गेल्या, सुरेखानं पायरीवर तेल सांडलं हुतं. अन् त्या पोराला दारुडा म्हनून हाकलला तुमी. तीस वरसं कारखान्याचा काटा संबाळला, घरातला दीड इंच न्हाई घावला."

अण्णांनी राग मिस्तरीवर काढायचा एक प्रयत्न केला. म्हणाले, मिस्तरी, तू माझी सत्तावीस वर्षांची लिंबं भरून दे. कानिफनाथ मान खाली घालून म्हणाला, देतो. हिशोब करा.

"सतरा," सुरेखाबाई म्हणाल्या.

"अगं पन अठरा तर मी आत्ताच..."

"सतरा. अन् लिंबाचं काय ते मिस्तरी बघतील. मला लिफ्टच्या घरात जायचं हाय."

आता तरी, म्हणून मी घसा साफ केला. मधलं धरा म्हणायला तोंड उघडलं आणि ध्यानात आलं, मधलं कधीच मागं पडलं होतं. तोंड मिटलं.

अण्णा सातव्या पायरीवर बसले. हातातला चष्मा त्यांनी आपल्याच डोळ्याला लावून टेपकडं बघितलं. आणि मग त्यांना हसू आलं. आधी खांदे हलायला लागले, मग आवाज बाहेर आला. त्या पोराचं आठवलं असावं, कारण हसता हसता म्हणाले, मिस्तरी, तुझ्या पायरीनं जावई बदलला माझा, पण बदलला तो चांगला निघाला, चल, सतराला सतरा. वाल्मिक संगमनेरच्या पार्टीला नको म्हणून कळवायला अंगणात गेला. मी बघत होतो. त्यानं नुसताच मोबाईल कानाला लावला होता, नंबर लावला नव्हता.

त्याच दिवशी विसार दिला. दसऱ्याला खरेदी झाली. दिवाळीच्या चार दिवस आधी निकिताचा बाप येऊन गेला. स्लॅबखाली उभं राहून त्यानं वर बघितलं, समाधानानं मान हलवली, आणि गच्ची बघू म्हणाला. त्याच्या पुढं कानिफनाथ चढला. सहाव्या पायरीवर थांबून म्हणाला, "पाव्हणं, हितं पाय जरा उचलून टाका. माजी चूक हाय ती." पाव्हण्यानं पाय उचलला. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर धरलाय.

पायरी मोडून नीट करायची म्हणून मिस्तरीनं छिन्नी-हातोडा काढला होता. बायडाबाईनं हातातून घेतला. म्हणाली, पावनेचार लाख पाडल्यात त्या पायरीनं, तुमच्या भितीनं एक रुपाया पाडला न्हाई. ऱ्हाऊ द्या तिला हाय तशी. उद्या आपल्यालाबी घर इकायची येळ आली, तर तिच्यावर पांघरून घालायचं बघू. त्यावर कानिफनाथ म्हणाला, इकताना आधीच सांगायची. तेव्हापासून ह्या एका गोष्टीवर दोघांचं भांडण चालू आहे, आणि घर विकायचा तर कुणाचा विचारही नाही.

नाव जायचं ते गेलंच. वाल्मिकच्या तोंडी भूत गेलं नाही, पण दीड इंच गेला. बेलापुरात आणि आजूबाजूला कानिफनाथनं बांधलेली जेवढी घरं, तेवढ्या घरांत आठवडाभर लोक टेप घेऊन जिन्यांवर उकिडवे बसलेले. शाळेतल्या पोरांच्या पट्ट्या गायब झाल्या. कुठंच काही सापडलं नाही. त्याचं काही जणांना वाईट वाटलं, कारण त्यांच्याही घरात सांडलेल्या पराती होत्या आणि त्यांना कुणावर तरी ढकलायच्या होत्या.

परवा सोमवारी मी श्रीरामपूर रोडनं चाललो होतो. तिथं ज्ञानेश्वर नावाच्या एका दुकानदाराचं घर चालू आहे, काम कानिफनाथकडं. जिन्याच्या पायऱ्या नुकत्याच मांडलेल्या, अजून ओल्या. ज्ञानेश्वर टेप घेऊन खाली उभा, आणि मोजू की नको म्हणून लाजत होता. कानिफनाथ परांचीवर होता. त्यानं वरून बघितलं.

"मोजा मोजा, लाजू नका. अन् सातवी दोनदा मोजा."

ज्ञानेश्वरनं सगळ्या मोजल्या. सातवी दोनदा मोजली. मग मान वर करून काही म्हणायला गेला, पण मिस्तरीचं तिकडं ध्यान नव्हतं. त्यानं ओळंबा सोडला होता आणि गोळा थांबायची वाट बघत होता. गोळा थांबला. त्यानं डावा डोळा मिटून दोरी बघितली, एक वीट थापीच्या दांड्यानं हलकीच ठोकली, आणि खाली न बघता हात लांब केला.

"बायडे, माल."

घमेलं वर आलं. ह्या वेळी सगळं सिमेंट घमेल्यातच होतं.